तीनदा गेलेला निरोप

१

पेटीच्या बोटभर काचेवर तीनदा 'निरोप गेला' अशी अक्षरं उमटली, आणि चांदूर रेल्वेच्या केंद्रावर त्यातला एकही निरोप पोचला नाही. मधल्या बावीस किलोमीटरांत ते तीन निरोप कुठे गेले, हे कोणालाच सांगता येईना. शालिकराम मात्र गेला.

२००८ सालचा डिसेंबर होता. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धेच्या काठी टेंभुर्डी म्हणून गाव. आदल्या दिवशी शालिकरामनं दुसऱ्याच्या तुरीवर दिवसभर औषध फवारलं. पाठीवरचा पंप गळका होता. सदरा भिजला, तोच अंगात ठेवून तो झोपला. सकाळी तोंडाला फेस आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या. गावात मोबाइलला रेंज नव्हती आणि ग्रामपंचायतीचा फोन महिनाभर बंद होता. होती ती दुवा आरोग्य न्यासानं दवाखान्यात बसवलेली बिनतारी पेटी. तिचं लाल बटण दाबलं की चांदूरला घंटी वाजायची आणि जीप निघायची.

दवाखान्याची नर्स नीलम हिचं म्हणणं, तिनं बटण तीनदा दाबलं. केंद्र सांभाळणाऱ्या गोवर्धनचं म्हणणं, घंटी वाजलीच नाही. वाट पाहून शेवटी नीलमनं पेशंटला ट्रॅक्टरवर घातलं. तो वाटेतच गेला.

"सोमवारी न्यासाची चौकशी आहे, सर," फुरकान सांगत होता. "बटण दाबलंच नाही असा ठपका नीलमताईंवर येणार आणि तोच कागद पोलिसांत जाणार. नोकरी तर जाईलच, निष्काळजीपणाची केस होईल ते वेगळं."

हे बोलणं अकोल्याच्या जुन्या शहरात, वाहेद सरांच्या पुढच्या खोलीत चाललं होतं. सरांनी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर ते दुपारी गल्लीतल्या मुलांना घंटी कशी वाजते, दिवा कसा लागतो हे दाखवत बसायचे. फुरकान त्यांचा आवडता विद्यार्थी. न्यासाच्या चाळीस गावांतल्या चाळीस पेट्यांची देखभाल त्याच्याकडे होती.

"पेटी तपासली?" सरांनी विचारलं.

"दोनदा. अगदी ठणठणीत आहे."

"मग नर्सबाई खोटं बोलते."

"नाही सर. मी तिला ओळखतो."

"मग गोवर्धन झोपला होता."

"घंटी वाजली की चांदूरचा कॉम्प्युटर आपोआप वेळ लिहितो. त्यात त्या सकाळची नोंदच नाही."

सर हसले. हसणं मास्तराचं होतं, डोळे मात्र हसले नव्हते. "पेटी चांगली, बाई खरी, कॉम्प्युटर खरा. आणि माणूस मेला. बेटा, या तिघांतलं एक तरी चुकतंय. कोण, ते तुला पाहायचं नाहीये की काय?"

"पाहायचं आहे म्हणून तर तुमच्याकडे आलो," फुरकान म्हणाला. "जे निघेल ते निघू द्या."

हे वाक्य पुढे सरांना बरेच दिवस आठवत राहिलं.

२

गुरुवारी दोघं टेंभुर्डीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पेटी मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीला, खिडकीच्या कडेला. खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं, तिथं पुठ्ठा लावला होता.

नीलम बत्तीस-तेहतीसची असेल. ती सरांसमोर उभीच राहिली.

"बस ना, मुली."

"नको सर. आठ दिवस झाले, लोक मले बसवूनच प्रश्न विचारून राहिले. मी उभीच बरी."

"पहिल्यांदा किती वाजता दाबलं?"

"सात वाजून पाच. घड्याळ पाहूनच दाबलं, रजिस्टरात लिहायचं असते. काचेवर 'निरोप गेला' आलं. उताऱ्याच्या सुया होत्या तेवढ्या दिल्या. सव्वासातला पुन्हा दाबलं, मंग साडेसातला. तीनही वेळा तेच."

"गाडी येत नाही म्हटल्यावर आणखी कोणाला पाठवलं नाहीस?"

"निरोप गेला म्हणून लिहून आलं होतं सर. मी त्या अक्षरावर भरोसा ठेवला. साडेआठपर्यंत ठेवला."

दारात एक बाई कधीची उभी होती. शालिकरामची बायको, माणिकबाई. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. सरांनी विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी इथंच होता?"

"मी नाई तं कोन राहीन? त्यायचं डोकं माह्या मांडीवर होतं."

"नर्सबाईंनी बटण दाबलेलं पाहिलं?"

"तीन डाव. मले वाचता येत नाई, पन काच तीन डाव उजळली. तिसऱ्या डावाले मी पन हात लावला त्या डब्ब्याले. असा गार होता, जसं मढं."

सरांनी विचारलं, "हे तुम्ही साहेबांना सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?"

फुरकाननं लॅपटॉप काढला, वायर पेटीला जोडली आणि बटण दाबू लागला. दर निरोपाला पेटी आत काय काय करते ते लॅपटॉपवर ओळीनं लिहून येत होतं. सोबत आणलेल्या निरोप ऐकायच्या सेटवर प्रत्येक घंटी वाजली; गोवर्धनशी आधी ठरल्याप्रमाणे चांदूरलाही तिची नोंद होत होती. वीसपैकी वीस. मग सरांनी वायर काढायला लावली आणि पुन्हा वीसदा दाबायला सांगितलं. पुन्हा वीसपैकी वीस.

नीलम भिंतीला टेकली. "पाहा. आता तुमीही म्हणा, बाईनं दाबलंच नाई."

"मी अजून काहीच म्हटलं नाही," सर म्हणाले. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. दुपार झाली होती. पेटी कोमट होती.

३

चांदूर रेल्वेचं केंद्र स्टेशनजवळच्या एका गाळ्यात होतं. पुढे जीप उभी, आत कॉम्प्युटर आणि गोवर्धन. तो जीपही चालवायचा आणि घंटीवरही बसायचा.

"या सर, या. चहा सांगू? नाईतरी पुढच्या आठवड्यापासून माह्याकडे चहा पाजायची नोकरी राहील का नाई कोण जाणे."

"आधी रजिस्टर दाखव."

रोज सकाळी साडेसहाला प्रत्येक पेटी आपण होऊन एक हजेरीचा निरोप चांदूरला पाठवायची. तो आला की गोवर्धननं त्या गावापुढे बरोबरची खूण करायची. सरांनी पानं उलटली. चाळीस गावं, महिनाभर, प्रत्येक चौकटीत खूण. एकही गाव एकाही दिवशी गैरहजर नाही.

"एवढी हजेरी तर माझ्या वर्गात कधी लागली नाही," सर म्हणाले. "गोवर्धन, या सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या कशा रे? पूर्ण पान एका बैठकीत भरलंय."

गोवर्धनचं तोंड उतरलं.

"कॉम्प्युटरात काय आहे ते दाखव."

कॉम्प्युटर आठच दिवसांचं जपून ठेवायचा. त्या आठ दिवसांत टेंभुर्डीची हजेरी दोनच वेळा आली होती. आणि टेंभुर्डी एकटी नव्हती. नदीकाठची, माळावरची, अकरा गावं तशीच.

फुरकान ताडकन उठला. "गोवर्धनभाऊ! अकरा पेट्या सकाळी मुक्या आहेत आणि तुम्ही खुणा करत बसलात? मला एक फोन करायचा होता!"

"केला असता! एक डाव केला होता उत्तमराव साहेबायले. ते म्हणे, गैरहजेरी वर गेली तं देणगीदार काय म्हनतीन? तू नीट पाहा. मी नीट पाह्यलं, तरी गैरहजर. मंग मी खूण करनं सुरू केलं. दुपारी तुमी आले का सगळ्या पेट्या बोलतच होत्या ना? मले वाटलं, सकाळी झोपत असतीन. आपल्यासारख्या." तो हसायला गेला आणि मधेच थांबला. "माणूस मरन असं नाई वाटलं जी."

उत्तमराव म्हणजे न्यासाचे सचिव. ते नाव सरांनी मनात बाजूला ठेवलं.

"टेंभुर्डीची हजेरी आली ते दोन दिवस कोणते?"

"सोमवार, मंगळवार."

"त्या दिवशी काही वेगळं होतं? आठव."

गोवर्धननं बराच वेळ कपाळ चोळलं. "वेगळं काय... आभाळ होतं. थंडी पळाली होती. मी सोटर घातलं नव्हतं, बायको वरडली होती."

सरांनी फुरकानकडे पाहिलं. फुरकानलाही कळलं होतं. थंडी.

पण नुसत्या थंडीनं बिघडायला ती काही कालची पेटी नव्हती. वर्षभर आधी, मागच्या हिवाळ्यात, याच पेट्या टेंभुर्डीसकट सहा गावांत चाचणीला ठेवल्या होत्या. त्या जानेवारीत याहून कडाका होता. तेव्हा एकही निरोप हरवला नव्हता.

तेवढ्यात सरांच्या मोबाइलवर उत्तमरावांचा फोन आला. आवाज गोड होता. "सर, तुम्ही उगाच नर्सच्या मागे लागलात. मला खरा माणूस माहीत आहे. ज्यानं या पेटीचा प्रोग्राम लिहिला, तो संघपाल. ऑक्टोबरात उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा फेकून गेला. कारण सांगितलं नाही. जाता जाता काय करून गेला, देव जाणे. नर्सचं आणि त्याचं गावही एकच. समजून घ्या."

४

संघपालचं अमरावतीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. फुरकान आत यायला तयार होईना. "तो माझ्याशी बोलत नाही सर. राजीनामा दिल्यापासून फोन उचलत नाही. का, ते मला माहीत नाही." तो समोरच्या रसवंतीवर थांबला.

संघपालनं भिंगातून डोळा काढला नाही. "वाहेद सर ना? फुरकान तुमचं नाव रोज घ्यायचा. बसा."

"टेंभुर्डीचं ऐकलंस?"

"ऐकलं. आणि माझ्यावर आलं तेही ऐकलं. नीलमताई नाई तं संघपाल. तिसरं नाव त्यायले सुचतच नाई."

"तू राजीनामा का दिलास?"

"पेटीले माझं तोंड नको झालं होतं."

"म्हणजे?"

त्यानं भिंग खाली ठेवलं. "माझ्या प्रोग्राममधली एक ओळ काढली त्यायनं. मले न विचारता. उद्घाटनाच्या दिवशी पेटी चालू केली तं ओळ गायब. कोणती, ते उत्तमरावले विचारा. त्यायलेच खुपली असणार."

"ती ओळ कामाची होती?"

"पेटीच्या कामाची? अजिबात नाई. ती नसली तरी काही अडत नाई. म्हणून तं जास्त लागलं सर. नुसती असायची, तेवढीही सहन झाली नाई."

सरांना तो रागीट वाटला, पण खोटारडा नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे जुनी पेटी आहे? ओळ असलेली?"

संघपालनं टेबलाखालून धुळीनं माखलेली एक पेटी काढली. मागच्या हिवाळ्यात ती टेंभुर्डीतच होती. "घ्या. पन परत आणून द्या. माझ्या हातची पहिली आहे."

सर दुकानाबाहेर आले. फुरकाननं अधीरपणे विचारलं, "काय म्हणाला?"

"तुझ्या नवीन पेटीतून एक ओळ कमी झाली आहे, असं म्हणाला."

रसाचा ग्लास फुरकानच्या हातात तसाच राहिला. सरांनी ते पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला उत्तर येत असूनही त्यानं हात वर केला नाही, तर मास्तरला ते दिसतंच.

५

शनिवारी सकाळी सरांच्या घरात बर्फाची अर्धी लादी आली.

"हे काय? लग्न आहे का कोणाचं?" सुरैय्याबींनी विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना मास्तरांच्या कशाचंच नवल उरलं नव्हतं, तरी विचारायचा हक्क त्यांनी सोडला नव्हता.

"दोन पेशंटांना थंडी भरवायची आहे."

सरांनी दोन्ही पेट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या परातीत ठेवल्या. एक संघपालची जुनी, एक न्यासाची नवी. फुरकाननं ठेवून दिलेला लॅपटॉप जवळ घेतला, निरोप ऐकायचा सेट आतल्या खोलीत मांडला. फुरकानला त्यांनी मुद्दाम संध्याकाळी बोलावलं होतं.

अर्ध्या तासानं पेट्या गारठल्या. नवीन पेटी, वीसदा बटण. काचेवर वीसदा 'निरोप गेला'. आत घंटी वाजली तीनदा.

नीलम खरं बोलत होती. मढ्यासारख्या गार पडलेल्या त्या पेटीनं तिला तीनदा तोंडावर फसवलं होतं.

तीच पेटी, तोच बर्फ, फक्त लॅपटॉपची वायर जोडली. वीसपैकी वीस घंट्या! वायर काढली. पुन्हा निरोप हरवले.

"नवल आहे," सर पुटपुटले. "कोणी पाहत असलं की शहाणी, पाठ फिरवली की लबाड."

"तुमच्या वर्गातल्या पोरांसारखी," सुरैय्याबी म्हणाल्या आणि जुन्या पेटीसमोर बसल्या. "ही मी दाबू?"

त्यांनी वीसदा दाबलं. वीस घंट्या वाजल्या. बर्फात असून, वायर नसून.

"ही पेटी आदबीची आहे," त्या म्हणाल्या. "आधी सलाम करते, मग काम करते. तुमची ती नवीन भलती उद्धट, बटण दाबलं की लगेच 'गेला'."

"सलाम?"

"वाचा ना. चष्मा कुठं आहे तुमचा?"

सरांनी काच डोळ्यांजवळ नेली. बटण दाबताच काचेवर एकेक अक्षर उमटलं: 'जय भीम! निरोप घेतला.' आणि मग ते पुसून: 'निरोप गेला.'

चहा आला, निवला. सुरैय्याबींनी दोनदा हाक मारली. अखेर ते म्हणाले, "बेगम, सलाम करायला किती वेळ लागतो?"

"कोणाला करायचा त्यावर आहे."

"नाही. पेटीला."

६

फुरकान संध्याकाळी आला तेव्हा सरांनी दोन्ही पेट्यांचे प्रोग्राम लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावून ठेवले होते. त्यांनी त्याला समोर बसवलं, अगदी वर्गातल्यासारखं.

"पेटीतला रेडिओ बटण दाबायच्या आधी काय करत असतो?"

"झोपलेला असतो, सर. बॅटरी वाचावी म्हणून."

"त्याला उठवतं कोण?"

"ड्रायव्हर. रेडिओच्या चिपशी बोलणारा छोटा प्रोग्राम. तो चिपला म्हणतो, ऊठ. मग निरोप तिच्या हातात देतो."

"चिप उठायला किती वेळ घेते?"

"तीन-चार मिलिसेकंद. सेकंदाचे तीन-चार हजारावे भाग."

"ते उन्हात. तिच्या माहितीपुस्तकात पुढं काय लिहिलंय ते तू वाचलं नाहीस, संघपालनंही वाचलं नाही. गारठ्यात पंधरापर्यंत लागतात. ती पूर्ण उठली की आपण होऊन एक खूण दाखवते. ती खूण पाहूनच निरोप द्यावा, असं त्यात छापलंय. आपला ड्रायव्हर खूण पाहतो?"

फुरकाननं ओळी पाहिल्या. "नाही सर. पाहतच नाही. उठवतो आणि लगेच निरोप देतो." तो सरांकडे वळला. "अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातात चिठ्ठी द्यावी आणि ती खाली पडावी, तसं."

"आणि आपण मात्र म्हणायचं, चिठ्ठी गेली. मग लॅपटॉप लावला की चिठ्ठी का पडत नाही?"

"कारण पेटी प्रत्येक पायरी लॅपटॉपला लिहून कळवते. लिहिण्यात वेळ जातो. तेवढ्यात चिप उठते."

"शाबास. आता जुनी पेटी. तिलाही खूण पाहायची अक्कल नाही, चूक तीच. तरी ती बर्फात चालते. कशामुळं?"

फुरकानचं बोट पडद्यावरच्या एका ओळीवर जाऊन थांबलं. उठवणं आणि निरोप देणं यांच्या बरोबर मधे ती ओळ होती. नव्या प्रोग्राममध्ये त्या जागी काहीच नव्हतं.

"ती ओळ काचेवर उमटायला वीस मिलिसेकंद लागतात," सर म्हणाले. "मी मोजले. संघपालला वाटतं ती शोभेची होती. तिनं त्याची चूक वर्षभर झाकून धरली होती. ऑक्टोबरात कोणीतरी ती काढली. उकाडा होता, सगळं चाललं. नोव्हेंबरात थंडी पडली आणि सकाळच्या पेट्या मुक्या झाल्या." ते थांबले. "संघपाल म्हणतो उत्तमरावांनी काढली. उत्तमरावांना प्रोग्राम कशाशी खातात हे माहीत नाही. ड्रायव्हर उघडता येणारी माणसं दोनच."

बाहेर गल्लीत कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी काढली, सर."

"का?"

"पाहुणे येणार होते. उत्तमरावांनी ती ओळ पाहिली असती तर चारचौघांत संघपालला बोलले असते. आधीच एका गावातून तक्रार आली होती, दवाखान्याच्या पेटीवर हे कशाला म्हणून. मला त्याचा अपमान व्हायला नको होता. वाटलं, गुपचूप काढू, कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"त्याला विचारायचं होतंस."

"तो नाहीच म्हणाला असता. भांडला असता. मित्र होता ना."

"त्या जागी 'नमस्कार' लिहिलं असतंस तरी शालिकराम वाचला असता, फुरकान."

"लिहिलं होतं सर." तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. "आधी तेच लिहिलं होतं. मग वाटलं, संघपाल विचारेल, माझ्या जय भीमचा नमस्कार कोणी केला? ते त्याला जास्त लागेल. म्हणून तेही पुसलं."

सरांनी आयुष्यभर मुलांच्या चुका लाल शाईनं गोल केल्या होत्या. या चुकीभोवती गोल कुठून कुठवर काढावा, ते त्यांना कळेना. त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग दुसऱ्या हातानं कोरा कागद पुढे सरकवला.

"नीलमच्या नावासमोर जे लिहिलं जाणार आहे ते सोमवारच्या आत खोडायचं असेल, तर हे सगळं तुझ्या अक्षरात पाहिजे."

७

सोमवारी चौकशीच्या आधी उत्तमरावांनी सरांना बाजूला घेतलं. "तांत्रिक कारण, एवढंच लिहू. नावं कशाला? नर्सला दुसऱ्या गावी देतो. फुरकान चांगला मुलगा आहे, तुमच्याच समाजाचा. उगाच बातमी होईल."

"नर्स दुसऱ्या गावी गेली तर लोक काय समजतील?"

"लोक विसरतात."

"टेंभुर्डी विसरणार नाही," सर म्हणाले आणि फुरकाननं लिहिलेली चार पानं त्यांनी टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

पानांत कोणालाच वगळलं नव्हतं. खूण न पाहणारा ड्रायव्हर लिहिणारा संघपाल, ओळ पुसणारा फुरकान, खोट्या खुणा करणारा गोवर्धन, गैरहजेरी नको म्हणणारे उत्तमराव. आणि सगळ्यांत खाली, माणिकबाईचा अंगठा घेतलेली साक्ष. फक्त एका माणसानं आपलं काम जसं करायचं तसं केलं होतं, तिचं नाव नीलम. ठपका निघाला. पोलिसांत दुसराच कागद गेला, त्यावर फुरकानचं नाव पहिलं होतं.

चौकशीला बोलावलेल्या संघपालनं ती पानं उभ्यानंच वाचली. दुसऱ्या पानावर तो फार वेळ अडकला. मग फुरकानसमोर येऊन उभा राहिला. आता हात उचलतो की काय, असं गोवर्धनला वाटलं.

"तू होता?" संघपाल म्हणाला. "मी दोन महिने त्या उत्तमरावले शिव्या देऊन राहिलो."

"संघपाल, मी..."

"एक शब्द बोलू नको. मी एक फोन केला असता तरी हे कळलं असतं. आनं पुस्तकाचं ते पान मी उलटलंच नव्हतं. काम होऊन राहिलं, मंग कायले पाहा." त्यानं खुर्ची ओढली. "लॅपटॉप उघड. पेट्या अजून चाळीस आहेत आनं थंडी गेली नाई."

दुरुस्ती अकरा ओळींची निघाली. चिपला उठवायचं. मग तिला विचारत राहायचं, तयार आहेस का, आणि तिनं खूण दाखवल्याशिवाय निरोप द्यायचाच नाही. चांदूरहून पोच आल्याशिवाय काचेवर 'गेला' म्हणायचं नाही. पोच आली नाही तर घंटा बडवायची, म्हणजे माणूस दुसरा मार्ग धरेल. ती जुनी ओळ परत टाकायची का, असं फुरकाननं विचारलं. संघपालनं पुढची ओळ लिहिली. बर्फात शंभरपैकी शंभर निरोप पोचले.

पुढच्या शुक्रवारी, सकाळी सातला, ते टेंभुर्डीत पेटी बदलून उभे होते. नदीवरून बोचरं वारं येत होतं. नीलमनं काडेपेटीएवढ्या त्या काचेकडे पाहायचंही टाळलं. फुरकाननं माणिकबाईला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सर त्याच्या बाजूला उभे होते, पण त्यांनी त्याचं वाक्य कुठेही सावरून घेतलं नाही.

माणिकबाईनं ऐकून घेतलं. तिला मिलिसेकंद कळले नसतील. तिनं विचारलं, "मंग आता दाबलं तं गाडी येते?"

"येते, मावशी."

"दाबून दाखव बरं."

फुरकाननं नीलमकडे पाहिलं. नीलम पुढे आली आणि तिनं बटण दाबलं. क्षणभर काच कोरी राहिली. मग अक्षरं आली, 'चांदूरला पोचला'.

माणिकबाई बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. कोणी तिला आत बोलावलं नाही. बाकीचेही एकेक करून बाहेर आले. ऊन कौलांवरून खाली उतरत होतं. शेवटी नाल्यापलीकडे धूळ दिसली आणि गोवर्धनची जीप येऊन उभी राहिली.

"किती येळ झाला?" माणिकबाईनं विचारलं.

फुरकाननं घड्याळ पाहिलं. त्यानं ते सरांपुढे धरलं, आणि सरांनी सांगितलं. "छत्तीस मिनिटं."

ती उठून जीपपर्यंत गेली. मागचं दार तिनं स्वतः उघडलं. आत धुतलेल्या चादरीचं स्ट्रेचर होतं, ऑक्सिजनची नळी होती. ते सगळं तिनं सावकाश पाहिलं. मग वळून नीलमला म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमी पयल्यांदा दाबलं, तवापासून ते किती येळ जित्ते होते?"

नीलमनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते त्या सकाळी कोणी मनावर घेतलं नसतं.

"सव्वादोन तास," ती म्हणाली.

गोवर्धननं जीपचं इंजिन बंद केलं.